बर्फाच्या पाण्यातला हात

माझ्या उजव्या काखेत जे दुखतं, ते दुखत राहील की नाही हे एका मुलीने ऑपरेशनच्या आधीच ओळखायचा प्रयत्न केला होता. त्यासाठी तिच्याकडे चार पानांचा फॉर्म होता, मोबाइलमधलं घड्याळ होतं आणि बर्फाच्या पाण्याने भरलेली एक निळी बादली होती. तिचा अंदाज चुकला. तो चुकवण्यात माझा मोठा वाटा होता आणि हे मी फुशारकीने सांगत नाही.

नागपूरचा मे महिना. बायकांच्या सर्जिकल वॉर्डात बारा खाटा आणि दोन कूलर, त्यातला एक नुसताच आवाज करायचा. माझ्या उजव्या स्तनात गाठ निघाली होती आणि स्तन काढायचा होता. खरं तर तो आधीच निघायचा होता, पण पहिल्या तारखेला सकाळी माझं बीपी वर गेलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फिटनेस दिला नाही. दवाखान्यात ज्यांनी चार दिवस काढलेत त्यांना ‘फिटनेस’ या शब्दाचं वजन माहीत असतं. तो मिळाला तर ऑपरेशन, नाही तर बॅग उचला आणि घरी जा. मी बॅग उचलून ऑटोने बेसाला, माझ्या फ्लॅटवर परत आले आणि ती गाठ घेऊन बारा दिवस घरात बसले. त्या बारा दिवसांत मी स्वयंपाकघरातले सगळे डबे तीनदा घासले. मी घाबरत नाही, अशी माझी ख्याती आहे. डबे मात्र घासत होते.

म्हणून दुसऱ्यांदा भरती झाले तेव्हा मनाशी पक्कं होतं की या वेळी काहीही झालं तरी फिटनेस घ्यायचा.

ती मुलगी भूलशास्त्र शिकणारी डॉक्टर होती. पंचविशी-सव्विशीची, केसांना साधा रबरबँड, ॲप्रनच्या खिशात तीन पेनं. तिच्या प्रबंधाचा विषय तिने वॉर्डाच्या मधोमध उभं राहून आम्हाला नीट समजावून सांगितला. ऑपरेशनची जखम भरते, टाके निघतात, तरी काही बायकांचं दुखणं जात नाही, महिनोन्‌महिने राहतं. ते कोणाचं राहील हे आधी सांगता येईल का, ते ती शोधत होती. जिचं राहील असं वाटेल तिला ऑपरेशनच्या वेळी सुन्न करणारं एक जास्तीचं इंजेक्शन द्यायचं, औषधं लवकर सुरू करायची, आणि पुढे सहा महिने दर मंगळवारी फोन करून विचारपूस करायची, हाताचे व्यायाम करून घ्यायचे. “यात पास-नापास काही नाही,” ती शेवटी म्हणाली.

आमच्यापैकी एकीनेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्या आयुष्यात ज्याने ज्याने ‘यात पास-नापास नाही’ म्हटलं, त्याने पुढे कोणाला तरी नापास केलेलं आहे. मी स्वतः केलेलं आहे. आयटीआयमध्ये मुलींना कटिंग आणि शिवण शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोराडीकडची एक बाई होती. नवऱ्याची चहाची टपरी, कोळशाचे ट्रक थांबतात तिथे. तिचीही माझ्यासारखीच गाठ, फक्त डावीकडे. वॉर्डातली प्रत्येक बातमी आधी तिच्या खाटेवर यायची. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, “मॅडम, आयकलं का? जे बाई बादलीतून हात लवकर काढते, तिले फिटनेस देत नाहीत म्हणे.”

“कोणी सांगितलं?”

“सारेच म्हणून राहिले.”

एवढाच पुरावा. मोजल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी मी, त्या ‘साऱ्यां’च्या बोलण्यावर डोळे मिटून विसंबले. ती डॉक्टर इतकं स्वच्छ सांगून गेली होती, पण तारीख एकदा गेलेल्या बाईला स्वच्छ बोलण्यापेक्षा कुजबुज खरी वाटते.

आधी फॉर्म. प्रश्न ती वाचायची आणि उत्तरं लिहून घ्यायची. झोप कशी लागते? छान. आधी कुठे काही दुखतं का? नाही. (मान वीस वर्षं दुखते. शिलाई मशीनवर बसणाऱ्या कोणत्या बाईची दुखत नाही?) ऑपरेशनची भीती वाटते का? अजिबात नाही. दुखणं सुरू झालं की ते कधीच थांबणार नाही, असं मनात येतं का? छे. घरी काळजी घ्यायला कोण आहे? “बहीण आहे,” मी म्हणाले.

बहीण आहे. अमरावतीला आहे. आमचं बोलणं आई गेल्यापासून बंद आहे. पण प्रश्न ‘कोण आहे’ असा होता आणि बहीण असल्याचं मी कोर्टातही शपथेवर सांगितलं असतं. जन्मभर पेपर काढणाऱ्या माणसाला प्रश्नातच उत्तराचा वास येतो. प्रत्येक प्रश्नाला परीक्षकाला कोणतं उत्तर हवंय ते मी ओळखत गेले आणि तेच देत गेले. मला वाटलं, पैकीच्या पैकी मिळवतेय.

मग बादली. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि समोर बर्फाचं पाणी! बायकांचे चेहरे असे खुलले की ती मुलगी गोंधळूनच गेली. पलीकडच्या खाटेवरच्या आजीने तर हाताऐवजी पाय बुडवले तर चालतील का, असं विचारलं. मुलीने हसून नियम सांगितला. मनगटापर्यंत हात बुडवायचा, सहन होईल तोवर ठेवायचा, सहन झालं नाही की काढायचा, आणि मधे मधे दुखण्याचा आकडा सांगायचा, शून्य ते दहा. तीन मिनिटं झाली की ती स्वतःच काढायला सांगणार.

माझा नंबर पहिला. सुरुवातीला खरंच बरं वाटलं. दहा-वीस सेकंदांनी बरं वाटणं संपलं. मग गारवा कातडीतून आत शिरला आणि हाडं कोणी पकडीत धरून आवळतंय असं झालं. “किती?” तिने विचारलं. “एक,” मी म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “आता?” “एकच. थंड आहे, बरं वाटतंय.” पुढचं मला नीट आठवत नाही. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर होतं, ते मी किती वेळा वाचलं असेल देव जाणे. तीन मिनिटं पूर्ण झाली तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

कोराडीच्या बाईने हात घातला आणि पंधरा मोजायच्या आत ओरडून बाहेर काढला. “मेली वं माय मी! हे का पाणी हाय का इस्तव!” अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले. तिचं हसू मात्र लगेच मावळलं. खाटेवर बसून ती पदराने हात पुसत रडायला लागली. “आता माही तारीख गेली. गेलीच समजा.” तिला जवळ घ्यायला हवं होतं. निदान, असं काही नसतं गं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “बाईमाणसाने थोडं सोसायला शिकावं.”

तारीख तिचीही गेली नाही आणि माझीही नाही. एकाच दिवशी दोघींची ऑपरेशनं झाली. कागदावर सही करायला आयटीआयमधली माझी एक जुनी सहकारी आली होती. ती सही करून, संत्र्याचा ज्यूस ठेवून संध्याकाळी गेली. तिचा काही दोष नाही, तिच्या घरी तिची वाट बघणारी माणसं होती.

गाठ गेली. रिपोर्ट चांगले आले. पुढे केमो लागणार नाही, फक्त रोजची एक गोळी, असं सांगितलं तेव्हा मी देवापुढे दिवा लावला. खरंच लावला, मी लावत नसते. टाके सुकले. मोठी डॉक्टर जखम बघून म्हणाली, “सुरेख भरलीये.” आणि त्या सुरेख भरलेल्या जखमेच्या वर, काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला, आग सुरू झाली.

हे दुखणं सांगायला अवघड आहे. गुडघा दुखतो म्हटलं की लोकांना कळतं. इथे ब्लाउजची बाही घासली तरी भाजल्यासारखं व्हायचं. पंख्याचं वारं लागलं तरी सहन होत नव्हतं. मधूनच करंट लागल्यासारखी एक चमक यायची आणि हातातला पेला सुटायचा. वरच्या फळीवरचे डबे मी हळूहळू खाली ओट्यावर आणले. वेणी घालणं जमेना म्हणून केस कापून घेतले. कोपऱ्यावरच्या पार्लरमधली बाई म्हणाली, “मॅडम, छान दिसून राहिल्या, दहा वर्षांनी लहान!” मी हसून हो म्हटलं. खाली भेटणाऱ्या शेजारणी ‘बरं आहे ना आता?’ असं हो म्हणवून घ्यायच्या सुरातच विचारतात. मी हो म्हणायची. तिसऱ्या मजल्यावरचं दार लावून घेतलं की मग उजवा हात उशीवर ठेवून बसायची. दिवसभर कोणाशी एक शब्द न बोलता संध्याकाळ व्हायची. कधी कधी कुकरला म्हणायची, “झालं का रे तुझं?”

त्या दिवसांत एक विद्यार्थिनी फार आठवायची. मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली होती. मी धावत गेले आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर “आधी कापड बाजूला घे, रक्त लागेल.” ती एवढीशी पोर, ओठ घट्ट मिटून उभी. नंतर मी वर्गापुढे तिचं उदाहरण दिलं. बघा, डोळ्यातून टिपूस काढलं नाही. पुढच्या कित्येक तुकड्यांना मी तिची गोष्ट सांगितली. त्या बोटाचं पुढे काय झालं, दुखत राहिलं का, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही.

तीन महिन्यांनी त्या डॉक्टर मुलीचा फोन आला. कमी धोक्याच्या यादीतल्या बायकांना ती तीन महिन्यांनी एकदाच फोन करायची. “काकू, कशा आहात? दुखण्याचा आकडा किती?”

“शून्य.”

“अरे वा. आणि घरी मदत होते ना? बहीण आहे ना तुमच्याजवळ?”

“हो, आहे ना.”

फोन ठेवला आणि माझा मलाच राग आला. पण दुखतंय म्हणाले असते तर मग झोप लागत नाही हे आलं असतं, मग मान, मग भीती, मग बहीण कुठे आहे हेही आलं असतं. एक टाका उसवला की सगळी शिवण हाती येते, हे मी मुलींना शिकवत आले होते. आणि खरं सांगायचं तर मला अजून वाटत होतं की आपण पास झालोय.

पावसाळा संपता संपता मी सैलशा कॉटनच्या गाऊनसाठी सीताबर्डीला गेले होते. एका दुकानात कोराडीची बाई दिसली. ती चवड्यांवर उभी राहून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, उंच टांगलेला एक फ्रॉक काढत होती. दोन्ही हात. मी तिच्या तोंडाकडे पाहायच्या आधी त्या डाव्या हाताकडे पाहिलं.

“मॅडम! वळखलं का?” ती ओरडलीच. “केस काहून कापले वं?”

“हात वर जातो तुझा?”

“जाते ना! पयले नव्हता जात. थे पोरगी दर मंगळवारी फोन करते. दुखते का, झोप येते का, हात भिंतीवर कुठवरी गेला, सारं विचारते. मी म्हटलं आठ दुखते, तं दुसऱ्याच दिवशी बलावलं, गोळी बदलून देल्ली. आता हप्त्यातून एखाद्या टाइमाले दुखते, बस.” मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुमाले नाही येत फोन?”

“मला गरज नाही.”

“हव ना. तुमी तं मजबूत हा बा.”

ती फ्रॉक घेऊन गेली आणि मी गाऊन न घेताच बाहेर पडले. मला तिच्या हाताचा हेवा वाटला. त्याहून जास्त त्या फोनचा वाटला. दर मंगळवारी कोणीतरी तिला विचारत होतं की दुखतंय का, झोप लागते का, आणि उत्तर ऐकायला थांबत होतं. ती पंधरा सेकंदांत ओरडली म्हणून तिला हे मिळालं होतं. मी टाळ्या मिळवल्या होत्या. पुढच्या मंगळवारी दुपारी मी फोन चार्ज करून समोर ठेवला. येणार नाही हे माहीत असूनही ठेवला. एक फोन आला, तो मोबाइल कंपनीचा. तिथून बोलणाऱ्या मुलीचंही सगळं बोलणं मी ऐकून घेतलं.

सहा महिन्यांनी सगळ्यांनाच दवाखान्यात बोलावलं होतं. शेवटची तपासणी. नोव्हेंबर होता, सकाळी गारठा पडायला लागला होता, आणि स्वेटरची बाही सोसत नाही म्हणून मी नुसती शाल पांघरून गेले. मुलगी माझी फाइल उघडूनच बसली होती, खुशीत. “काकू, तुमच्याबद्दलचा आमचा अंदाज सगळ्यात अचूक निघाला. सरांसमोर उदाहरण म्हणून तुमचीच केस दाखवली मी.”

मी शाल काढून बाजूला ठेवली. तिने कापसाचा एक बोळा घेतला. जखमेच्या आजूबाजूला तो हलकेच फिरवून स्पर्श कसा लागतो ते बघायचं होतं. दंडाला बोळा लागला मात्र, मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. तोंडातून शिवी गेली. एकतीस वर्षांत वर्गात जी कधी गेली नव्हती ती.

तिने बोळा मागे घेतला.

“दुखतं,” मी म्हणाले. “टाके सुकले तेव्हापासून दुखतं. झोप लागत नाही. मान आधीपासून दुखते. भीती वाटत होती. घरी कोणी नाही. तुमच्या फॉर्ममध्ये मी सगळं खोटं सांगितलं, डॉक्टर. फिटनेस देणार नाही म्हणून.”

“फिटनेसचा आणि त्याचा काय संबंध?”

“सगळ्या म्हणत होत्या.”

ती बोळा टाकून खुर्चीत बसली. मला वाटलं, आता रागावेल. तिचा प्रबंध मी नासवला होता. एक माझं ठीक, पण त्या वॉर्डात माझ्यासारख्या आणखी किती जणींनी सोसून दाखवलं असेल, हेही तिच्या लक्षात आलं असणार. तिने फाइल उलटून बादलीच्या दिवसाचं पान काढलं. मग म्हणाली, “तुमचा हात पाण्यात होता ना, तेव्हा दुसऱ्या हाताने तुम्ही खाटेची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती. मी पाहिलं होतं, काकू.”

“मग लिहिलं का नाहीत?”

“फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. तुम्ही एक म्हणालात, मी एक लिहिलं.”

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. वॉर्डात बारा खाटा होत्या, सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यात एकीने माझी बोटं पाहिली होती. हे कळल्यावर मी त्या तपासणीच्या खोलीत हमसून हमसून रडले. बाहेरून पुढच्या नंबरचा पुकारा झाला. ती उठली नाही. रडणं थांबल्यावर तिने विचारलं, “किती आहे?” मी म्हणाले, “आठ.” तिने आधीचं शून्य खोडलं, आठ लिहिलं, आणि बाजूला स्वतःची सही केली.

“जाईल का हो?” मी विचारलं.

“सुरुवातीलाच कळलं असतं तर...” ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “आता सांगता येणार नाही. कमी करायचा प्रयत्न करू.”

गोळ्या सुरू झाल्या, व्यायाम सुरू झाले. चार महिने तिचा दर मंगळवारी फोन आला, प्रबंधात माझा काही उपयोग नव्हता तरी आला. हात आता खांद्याच्या थोडा वरपर्यंत जातो. मग तिची परीक्षा झाली आणि ती दुसऱ्या शहरात नोकरीवर गेली. जाताना म्हणाली, “काकू, तुम्हीच फोन करत जा.” मी दोनदा नंबर काढला. नव्या नोकरीत तिला किती कामं असतील, असं वाटून ठेवून दिला. आता मला कोणी विचारलं तर मी खरा आकडा सांगते. कोणी विचारत नाही.

आज सहा आहे.